धोंड्याच्या वाणाची गाडी

दोन पत्रे एकमेकांना जोडण्याच्या जगात जेवढ्या रीती आहेत तेवढ्या सगळ्या तोंडपाठ असलेला, आणि त्यांपैकी एकाही रीतीनं वर्षानुवर्षं काहीही न जोडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी शाळेत भूगोल शिकवत होतो, आणि ज्याला हातानं काहीच करता येत नाही अशा माणसाला हाक मारायला त्यांच्या मते तेवढा एकच सभ्य शब्द मराठीत आहे. त्यांचं घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून. माझं शहरात. मध्ये लष्कराची छावणी. हे अंतर मी रविवारी सकाळी स्कूटरवरून जायचो ते ताईंच्या हातच्या चहासाठी, असं मी बायकोला सांगत असे. खरं म्हणजे दाजी या आठवड्यात काय फाडतायत ते बघायला जायचो.

फाडतायत हा शब्द मी चुकून वापरलेला नाही. दाजी वाळूजकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथं गाड्यांच्या सांगाड्याचे भाग बनायचे आणि दाजींचं काम ते भाग फाडण्याचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, नव्या साडूची थट्टा चालली आहे. पण ती त्या धंद्याची रीतच आहे. वेल्डिंगचा जोड वरून कितीही देखणा दिसला तरी आतून त्यानं धरलं आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ढिगातला एक नग उचलायचा, जोडात छिन्नी घालायची आणि वरून हातोडा हाणायचा. जोड सुटला तर काम कच्चं. जोड जागचा हलला नाही आणि त्याच्या शेजारचा पत्रा टराटरा फाटला, तर काम पक्कं. म्हणजे काम कच्चं असो की पक्कं, नगाचं भवितव्य एकच. उभी नोकरी दाजींनी हे मन लावून केलं, आणि निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल घेऊन घरी आले तेव्हा ती सवय काही कारखान्याच्या फाटकावर ठेवून आले नाहीत.

मग सगळ्या जगाची तपासणी सुरू झाली. गुलमंडीवर पिशवी घ्यायला गेले की दुकानदाराच्या डोळ्यांदेखत तिचा बंद असा हिसडायचे की तो त्यांच्या हातात यायचा. मग ते दुकानदाराला अतिशय सभ्यपणे म्हणायचे, "बघा, उगंच नाय वढला," आणि बंद त्याच्या गल्ल्यावर ठेवून पुढच्या दुकानात जायचे. कुणाच्या घरी खुर्ची पुढे केली तर बसण्याआधी तिचे चारही पाय चाचपायचे. भाकरी मोडतानाही ती कुठून तुटते याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यातली बांबूची गाठ त्यांना पटली नाही. गाठ कच्ची आहे असं त्यांनी मांडववाल्याला सांगितलं, तो कामात होता, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा दाजींनी ती गाठ स्वतः सोडून दाखवली. गाठ खरोखरच कच्ची होती. मांडवाचा तो कोपरा सावकाश खाली आला आणि त्याच्याखाली व्याह्यांकडची मंडळी सरबत पीत बसली होती. पुढे बराच वेळ वरमाईच्या अंगावरची झालर सोडवण्यात गेला. दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, जेवणाच्या टायमाला पडला असता म्हंजे?"

अशा माणसाच्या पदरात आमच्या सासूबाईंनी गाडी घातली.

ती गाडी सासऱ्यांची. सासऱ्यांचं सोयगावच्या बाजारात सरकी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि त्यांनी हौसेनं घेतलेली ताकाच्या रंगाची, गोल पाठीची ती गाडी अख्ख्या गावाच्या ओळखीची होती. संध्याकाळी दुकान वाढवून, कुलूप लावून आले की ते कधीमधी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून फर्दापूरला चहा प्यायला न्यायचे. त्या काळी सोयगावात बायकोला शेजारी बसवून चहाला नेणारा माणूस दुसरा नसावा. लोक हसत, सासरे हॉर्न वाजवून पुढे जात. ते गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पडून राहिली आणि सासूबाईंनी एवढंच ठरवलं की आता बसायचं तर त्याच गाडीत, नाहीतर आपली एसटी बरी. कुणाच्या कारमध्ये त्या बसल्या नाहीत. धाकट्या मुलानं, म्हणजे आमच्या मेहुण्यानं, नवी घेतली तिच्यातही नाही. "ती गाडी सुदरली की बसते की," म्हणायच्या.

मग एक अधिक महिना आला. अधिकात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं आणि ते वाण जाळीदार असावं लागतं, म्हणून तर अनारसे आणि बत्तासे. आम्हा दोघा साडूंना पाटावर बसवून, दिवा ओवाळून, पुरणाचे धोंडे वाढून झाल्यावर सासूबाई उंबऱ्याआडून हळूच म्हणाल्या, "थोरल्या जावईबापूंना लोखंडातलं कळतं. ह्यांची गाडी तुमीच न्या." आम्ही शेडमध्ये जाऊन पाहिलं. दरवाजाखालच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या, मडगार्डांतून पलीकडचं दिसत होतं आणि तळाला अशी काही भोकं पडली होती की जाळीदार म्हणून त्या गाडीच्या तोडीचं वाण कुठल्याच जावयाला मिळालं नसेल. मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि ते सासूबाईंना म्हणाले, "फुडच्या धोंड्याला हिच्यातच येतो, आई. तुमाला फर्दापूरला नेतो." पुढच्या धोंड्याला म्हणजे अडीच-तीन वर्षं. एवढ्या मुदतीत माणूस नवी गाडी बनवील.

इंजिन तर लवकरच सुरू झालं. प्रश्न होता पत्र्याचा. जुना गंजका पत्रा कापून नवा बसवायचा होता, आणि तो गॅरेजला न देता घरी, स्वतःच्या हातानं, हे दाजींचं ठाम होतं. जुन्या बाजारातून त्यांनी नवी मडगार्डं, पट्ट्या, तळाचा पत्रा असं सगळं हुडकून आणलं. मडगार्डं दिवाणाखाली गेली. तळाचा पत्रा गच्चीवर गेला आणि ताईंनी दोन उन्हाळे त्यावर कुरडया वाळवल्या. बाकी सगळी तयारी होती, फक्त कुठल्या रीतीनं जोडायचं एवढं ठरायचं होतं, आणि दाजी ते ठरवायला बसले.

पहिली पाळी गॅसची. दाजींचे शेजारी चाचा, त्यांचं डेंटिंगचं दुकान हमरस्त्यावर. चाचांचा सगळ्या जगावर एकच इलाज, गॅसचा बर्नर. "साब, गॅस का जोड मक्खन होता, ठोको तो बैठ जाता," असं म्हणत त्यांनी एका टाकाऊ मडगार्डावर प्रात्यक्षिक दाखवलं. जोड खरंच लोण्यासारखा झाला, पण आच इतकी पसरली की मडगार्ड तव्यावरच्या पापडासारखं उचललं गेलं. चाचांनी ते ठोकून सरळ करायला घेतलं तेव्हा एक बाजू बसली की दुसरी उठायची. दाजी हाताची घडी घालून बघत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला की जोड पास, पत्रा नापास. चाचा महिनाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हते, मात्र शिरखुर्मा वेळेवर आला.

दुसरी पाळी साध्या आर्कची, काडीच्या वेल्डिंगची. हे तर दाजींना आधीच माहीत होतं की गाडीचा पत्रा पातळ, काडी टेकवली की भोक पडणार. पण माहीत असणं निराळं आणि तपासलेलं असणं निराळं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भाड्यानं मशीन आणून त्यांनी एकामागून एक भोकं पाडली. ते चालू असताना मी काच न लावता त्या उजेडाकडे बघत राहिलो, कारण मला कुणी बघू नको म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं असतं तरी मी बघितलंच असतं. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. ताईंनी मला आडवं करून डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. माझ्या त्या आंधळ्या अवस्थेत दाजी उशाशी बसून गॅस आणि आर्क यांतला फरक समजावत होते आणि मला उठून जाता येत नव्हतं. इतकं एकाग्र श्रोतेपण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

मग सीओटूचं मशीन आलं. हे मात्र दाजींनी विकत घेतलं, म्हणजे मामला गंभीर होता. यात बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि तिच्याभोवती वायूचा पडदा असतो, त्यामुळे जोड स्वच्छ होतो, आच कमी लागते, आणि टिकल्या-टिकल्यांनी थांबत थांबत काम केलं तर पत्राही उचलला जात नाही. गाडीच्या पत्र्याला घरच्या घरी हीच रीत, हे दाजींनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं वाईट वाटतं ते यामुळेच. उत्तर त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पण पडेगावला वारा फार. वारा आला की वायूचा पडदा उडतो आणि जोडात बुडबुडे राहतात. मग दाजींनी अंगणात ताडपत्री बांधली, ती पुरली नाही म्हणून ताईंचं एक जुनं लुगडं लावलं, त्याला ठिणगीनं भोक पडलं म्हणून ताईंचा पारा चढला आणि काम पावसाळा संपेपर्यंत थांबलं. शिवाय मशीन सुरू केलं की गल्लीतले पंखे दमानं फिरायचे. चाचांच्या घरून आवाज यायचा, "भाईजान, मशीन लगाते क्या? ठैरो, पहले पानी भर लेते."

थांबलेल्या काळात दाजी रिकामे बसले असते तर त्यांनी कदाचित कंटाळून गाडी पुरी केली असती. पण ते चिकलठाण्याच्या बाजूला कुणाकडे तरी आर्गनचं वेल्डिंग शिकायला जायला लागले. त्यात एका हातात बर्नर, दुसऱ्यात तार आणि पायाखाली पेडल. दाजी घरी जेवताना टेबलाखाली पाय दाबून सराव करायचे. मग कारखान्यासारखं स्पॉट वेल्डिंग घरी होईल का याचा महिनोन्महिने विचार झाला. त्याला पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी चिमटा लागतो, आणि गाडीच्या पोटात तो जायला गाडी पुन्हा कापावी लागली असती. एकदा मी गंमत म्हणून म्हणालो, की हल्ली पत्रे गोंदानं चिकटवतात म्हणे. पुढच्या रविवारी गेलो तर अंगणातल्या कडुनिंबाला दोन चिकटवलेले पत्रे टांगले होते आणि खालच्या पत्र्याला गव्हाचं पोतं बांधलं होतं. पत्रे सुटतात कधी याची वाट बघणं चाललं होतं. पत्रे काही सुटले नाहीत. फांदी मोडली. मी विचारलं, "मग काय ठरलं?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "निकाल लागला नाय. झाड कच्चं निघालं."

एवढं सगळं होईपर्यंत त्यांचा हात इतका तयार झाला होता की सीओटूनं केलेला त्यांचा एखादा जोड मला, भूगोलवाल्याला, सुद्धा सुंदर दिसायचा. एका ओळीत, सारख्या अंतरावर, ताईंनी कुरडया घालाव्यात तशा टिकल्या. असा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला, मी वा म्हणालो, त्यांनी तो परत घेतला, शिकंज्यात धरला आणि छिन्नी घातली.

"अहो दाजी, चांगला होता ना?"

"चांगला हाय हे फाडल्याबिगर कसं कळणार?"

"आणि फाडल्यावर?"

फाटलेल्या पत्र्याकडे ते समाधानानं बघत होते. जोड जागेवरच होता. "फाडल्यावर कळलं की चांगला व्हता."

"मग तसाच गाडीला करा की आता."

"हा झाला. पर त्यो होईल का?" ते म्हणाले. "गाडीचा फाडून बघता येनार नाय, गुरुजी. तिथं चुकून चालत नाय. त्या बसनार हायेत हिच्यात."

तेव्हा मला कळलं की हा माणूस भितो आहे. मांडवाच्या गाठी सोडणारे, दुकानदारांना न डगमगणारे आमचे दाजी त्या म्हातारीला भीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी जोडलेलं त्यांनी फाडून पाहिलं होतं. स्वतः जोडलेल्यावर, न फाडता, आईच्या वयाच्या बाईला बसवायचं हे त्यांच्यानं होत नव्हतं.

मधला एक धोंडा टाळेबंदीत गेला, तेव्हा कुणीच कुठं गेलं नाही. दाजींना त्याचं वाईट वाटलं असं ताई सांगायच्या, पण मला तरी ते थोडे सुटल्यासारखे वाटले. त्यानंतरच्या धोंड्याला आम्ही चौघं एसटीनं सोयगावला गेलो. दाजींच्या पिशवीत सासूबाईंसाठी लुगडं आणि खाली फाडलेल्या पत्र्यांचे नमुने. फुलंब्री येईपर्यंत एका प्रवाशानं पिशवीवर पाय ठेवून करंगळी कापून घेतली होती. पाटावर बसलो, ओवाळणं झालं, धोंडे वाढले. सासूबाई उंबऱ्यापलीकडून, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "गाडी बरी हाय ना, बापू?"

दाजींनी पिशवीतून तुकडे काढले आणि पाटासमोर मांडले. हा गॅसचा, हा आर्गनचा, हा सीओटूचा. वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती सीओटूनं भरली तर कारखान्यासारखा जोड कसा होतो, हे त्यांनी अनारशावर बोट ठेवून समजावलं. सासूबाईंनी सगळं मन लावून ऐकलं. त्यातलं त्यांना काय कळलं देव जाणे. "व्हय का," त्या म्हणाल्या. "मग सावकाश करा. घाई नाय." आणि आत गेल्या.

माझ्या कानावर आतलं बोलणं आलं. ताई चिडून म्हणत होत्या, "आई, जरा रागव ना त्यांना. तू बोललीस तर आठ दिवसांत करतील." सासूबाई म्हणाल्या, "अगं, जावयाला कुनी रागवतं का? दिलं ते दिलं. वाणाची याद करू नाय." दाजींनाही ते ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी धोंडा फार वेळ नुसताच ताटात फिरवला. त्यांच्या स्वतःच्या आई असत्या तर लाटणं घेऊन मागे लागल्या असत्या आणि गाडी त्या पावसाळ्याआधी रस्त्यावर आली असती. इथं मानच एवढा होता की कुणी तोंड उघडायचं नाही. जावयाला घाई करायची नसते, ही आमच्याकडची रीत चांगली आहे की वाईट, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी ती रीत नसती तर बरं झालं असतं, एवढं नक्की सांगतो.

नंतरच्या वर्षात सोयगावहून येणारे फोन बदलले. सासूबाई चहात मीठ घालतात. सासूबाई देवळातून परत येताना दुसऱ्याच आळीत गेल्या. नंतर एका रविवारी मी पडेगावला पोचलो तर चहा नव्हता. ताई ओट्यावर बसल्या होत्या आणि दाजी अंगणात गाडीजवळ उभे होते. सकाळी फोनवर सासूबाईंनी ताईंना विचारलं होतं, "तू कुनाची गं?"

मी दाजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दाजी गाडीच्या मडगार्डाच्या भोकात बोट घालून ते नुसतंच फिरवत होते.

"मी तपासत बसलो, गुरुजी," ते म्हणाले. "त्या एक शब्द बोलल्या नायत मला. एकदा जरी बोलल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीओटूचं मशीन बाहेर काढलं. चाचा स्वतःहून आले आणि काही न विचारता पत्रा धरायला उभे राहिले. वारा आला की दोघं थांबायचे, वारा पडला की एक टिकली. ताईंनी एक नाही, दोन लुगडी बांधायला दिली. गल्लीतल्या पंख्यांबद्दल कुणी तक्रार केली नाही. पट्ट्या बसल्या, तळ बसला, मडगार्डं दिवाणाखालून बाहेर आली. शेवटचा जोड झाल्यावर दाजी सवयीनं छिन्नीकडे गेले. चाचांनी ती उचलून खिशात घातली आणि म्हणाले, "साब, बस हुआ. अब अल्ला के हवाले." दाजी हसले आणि त्यांनी रंगाचा डबा उघडला. ज्या कामाला इतकी वर्षं मुहूर्त मिळत नव्हता ते काम यंदाचा अधिक महिना लागायच्या आत संपलं, आणि चांगलं झालं. अगदी चांगलं झालं. म्हणूनच मला त्याची हळहळ वाटते.

यंदाच्या धोंड्यात आम्ही चौघं त्या गाडीतून निघालो. दाजींनी तिचा वेग मागच्या सायकलवाल्यांना पुढे जायला संकोच वाटावा एवढाच ठेवला होता. प्रत्येक खड्ड्यानंतर ते मान तिरकी करून ऐकायचे. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरलो, कुठं काही वाजलं नाही, कुठं काही हललं नाही. फर्दापूरला चहाच्या टपऱ्या दिसल्या तेव्हा दाजी म्हणाले, "परत इथंच येनार आपन, त्यांना घिऊन." वाटेत त्यांनी मला दोनदा सांगितलं की सासूबाईंनी विचारलं तर जोड कुठल्या रीतीनं केला ते थोडक्यातच सांगायचं, उगाच पाल्हाळ नको. मी हो म्हणालो. त्यांना बक्षीस नको होतं, कौतुकाची कुणाकडून अपेक्षा नव्हती. फक्त एका माणसानं गाडी बघून म्हणायला हवं होतं, की जावईबापू, केलंत हो तुम्ही.

सासूबाई दारात खाटेवर बसल्या होत्या. आम्हाला कुणालाच त्यांनी ओळखलं नाही. माझ्या बायकोनं पाया पडून नाव सांगितलं तर, "सुखी ऱ्हा, बाई," म्हणाल्या, जसं पाहुण्या बाईला म्हणतात. पण नजर आमच्या पलीकडे गेली, रस्त्यावर उभ्या ताकाच्या रंगाच्या गाडीवर, आणि त्या खाटेवरून कुणाचा हात न धरता उठल्या. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. गाडीपाशी आल्या, पुढचा दरवाजा उघडला आणि चाकामागून अजून न उतरलेल्या दाजींच्या शेजारी जाऊन बसल्या. आम्ही तिघं घाईघाईनं मागं बसलो.

"अहो, आज लवकर वाढवलंत दुकान," त्या दाजींकडे न बघता, समोर बघत म्हणाल्या.

मी दाजींना ओळखतो. त्यांच्यासमोर कुणी चुकीचं बोललं की त्यांच्या अंगावर काटा येतो. चुकीची तारीख, चुकीचं माप, चुकीचं नातं, ते जागच्या जागी दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही. त्यांनी आरशातून मागं ताईंकडे बघितलं. ताईंनी तोंडाला पदर लावला होता. दाजींनी गाडी सुरू केली.

"व्हय," ते म्हणाले. "आज गिऱ्हाईक कमी व्हतं."

फर्दापूरपर्यंत सासूबाई रस्त्याकडे बघत होत्या. मध्येच पुढच्या पत्र्यावर त्यांनी तळवा ठेवला, माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. "गाडी लई जपली तुमी," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी दाजी थांबले होते ते शब्द आले, आणि ते सासऱ्यांच्या नावावर गेले. दाजींनी तेही घेतलं. "जपली," एवढंच म्हणाले. टपरीवर आम्ही गाडीतच चहा प्यायलो. सासूबाईंनी बशीत ओतून, फुंकर मारून, सगळा चहा संपवला आणि रिकामी बशी दाजींकडे दिली.

परतताना ऊन उतरलं होतं. गाडी गावाच्या वेशीपाशी आली तेव्हा सासूबाई एकदम काहीतरी आठवल्यासारख्या दाजींकडे वळल्या.

"फुडच्या खेपेला पोरींना बी आणू बरं का," त्या म्हणाल्या. "घरी रडत बसल्या असतील दोघी. त्यांना गाडीत बसाया लई आवडतं."

माझ्या शेजारी ताई आणि माझी बायको एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. दाजींनी गाडी अगदी हळू केली.

"आणू," ते म्हणाले.